न्हाणीघरातील बुरशी आणि आपला श्वास

पावसाळा लागून तीन-चार आठवडे लोटले की न्हाणीघराच्या छताच्या कोपऱ्यात मोहरीएवढे काळे ठिपके दिसू लागतात. हळूहळू ते एकमेकांस मिळतात, त्यांचा डाग होतो, डागाभोवती हिरवट-करडी कड उमटते आणि दार उघडताच कुबट वास नाकाला जाणवतो. घरातील कोणीतरी तो डाग घासून काढतो. पंधरवड्यात तो पुन्हा उगवतो. मग भिंतीला रंगाचा हात दिला जातो आणि काही दिवसांनी रंगाखालून डाग पुन्हा वर येतो. या साऱ्या खटाटोपात आपले लक्ष डागाकडे असते. डाग ज्यावर जगतो त्या पाण्याकडे ते क्वचितच जाते. घरातील एखाद्या मुलाला रात्री खोकल्याची उबळ येत असेल किंवा वृद्धांच्या छातीत घरघर होत असेल, तर हे दुर्लक्ष महागात पडू शकते.

‘बुरशी’ हा शब्द मराठीत बराच सैलपणे वापरला जातो. शिळ्या भाकरीवर येते ती बुरशी, लोणच्यावर येते ती बुरशी आणि पावसाळ्यात कपाटातील चामड्याच्या वहाणेवर येते तीही बुरशीच. शास्त्रज्ञ या सर्वांना ‘कवक’ म्हणतात व त्यात भूछत्रे आणि यीस्ट यांचाही समावेश करतात. या पुस्तिकेपुरता आपण घरातला शब्दच ठेवू. बुरशी ही वनस्पती नव्हे व प्राणीही नव्हे. तिच्यात हरितद्रव्य नसल्यामुळे तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. तिचे शरीर म्हणजे अत्यंत बारीक तंतूंचे जाळे. हे तंतू पाचक रस बाहेर सोडतात, अन्नाचे पचन शरीराबाहेरच करतात आणि मग ते शोषून घेतात. गुळगुळीत फरशीत किंवा काचेत तिला खाण्यासारखे काही नसते, परंतु त्यांवर बसलेला साबणाचा थर, अंगावरून निघालेले त्वचेचे कण, केसांचे तेल, रंगातील सेंद्रिय द्रव्ये आणि दाराची लाकडी चौकट यांवर तिचे उत्तम भागते. फरशांच्या सांध्यांत काळी रेघ प्रथम दिसते ती याचमुळे. (बादलीच्या तळाशी किंवा नळाभोवती दिसणारा गुलाबी, बुळबुळीत थर मात्र बहुधा जिवाणूंचा असतो.)

बुरशीचा प्रसार बीजाणूंद्वारे होतो. बीजाणू बहुतांशी २ ते १० मायक्रॉन आकाराचे असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस साधारणपणे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. असे बीजाणू हवेत सर्वत्र, सर्व ऋतूंत तरंगत असतात. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचपात्रात जो बीजाणू येऊन पडला आणि ज्यातून पुढे पेनिसिलिनचा शोध लागला, तोही असाच हवेतून आलेला होता. जे प्रयोगशाळेत थोपविता आले नाहीत ते आपल्या न्हाणीघरात थोपविता येतील, ही आशा व्यर्थ आहे. बीजाणू, अन्न, माफक ऊब आणि पाणी या चार गोष्टी बुरशीला लागतात. पहिल्या तिन्ही आपल्या हातात जवळजवळ नाहीत. चौथी आहे.

पाणी येते कोठून?

एखाद्या पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बहुतेक घरगुती बुरशी तेथे वाढू शकतात. काही काटक जाती याहून थोड्या कमी आर्द्रतेवरही निभावून नेतात. येथे ‘पृष्ठभागालगतच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. खोलीतील हवा त्या मानाने कोरडी असूनही भिंत ओली असू शकते. याचे कारण असे की हवेची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती तिच्या तापमानावर अवलंबून असते. एक घनमीटर हवा ३० अंश सेल्सियसला सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम, तर १० अंशांना केवळ ९ ग्रॅमच्या आसपास. सिमला किंवा दार्जिलिंग येथे हिवाळ्यात कोणी दार-खिडकी बंद करून कढत पाण्याने स्नान केले म्हणजे हवा बाष्पाने भरून जाते. ती हवा थंडगार बाहेरच्या भिंतीला टेकली की तिला ते ओझे पेलवत नाही आणि जादा बाष्पाचे थेंब भिंतीवर जमतात. म्हणूनच थंड प्रदेशांत बुरशी प्रथम बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात आणि छताच्या कडेला धरते.

मुंबई, कोची किंवा कोलकाता येथील गोष्ट वेगळी आहे. तेथे पावसाळ्यात भिंत फारशी थंड नसते, परंतु बाहेरची हवाच इतकी दमट असते की ओले झालेले काही लवकर वाळत नाही. सकाळी सहापासून दहापर्यंत घरातील पाच माणसांची स्नाने, त्यानंतर कपडे धुणे, ओले कपडे तेथेच दांडीवर टांगणे, आणि संध्याकाळी पुन्हा हातपाय धुणे — असा क्रम असला की जमीन आणि भिंती चोवीस तासांत एकदाही पूर्ण कोरड्या होत नाहीत. एखादी वस्तू ओली झाल्यापासून २४ ते ४८ तासांत वाळली तर तीवर सहसा बुरशी धरत नाही, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. आपली न्हाणीघरे ही मुदत रोज चुकवितात.

जुन्या घरांत न्हाणीघर मागील दारी, घरापासून काहीसे दूर असे. त्याच्या भिंतींना चुन्याचा हात दिलेला असे, वरच्या कौलांतून वारा खेळे आणि सांडपाणी अळवाच्या किंवा केळीच्या आळ्यात जाई. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशीचे फारसे चालत नसे. हे सर्व शास्त्र जाणून केलेले होते असे म्हणण्याचे कारण नाही. पण परिणाम चांगला होई. आजच्या बहुमजली इमारतींत न्हाणीघर घराच्या पोटात आले आहे. त्याचा झरोका अरुंद चौकात उघडतो, किंवा उघडतच नाही.

तिसरा उगम सर्वांत फसवा. वरच्या मजल्याच्या मोरीतून झिरपणारे पाणी, भिंतीत पुरलेल्या नळाची बारीक गळती, किंवा गच्चीवरून उतरणारी पावसाची ओल. येथे कितीही खिडक्या उघडल्या तरी उपयोग नाही. पाणी हवेतून येते की भिंतीतून, हे ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. डाग पुसून, भिंत शक्य तितकी कोरडी करून, वीतभर लांबीरुंदीचा पातळ प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने तीवर घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. तुकड्याच्या खोलीकडील बाजूस ओल जमली तर ती हवेतील होय. भिंतीकडील बाजूस जमली तर पाणी भिंतीतून येत आहे. पहिल्या प्रकारात उपाय घरात करता येतो, दुसऱ्यात गवंडी आणि नळकारागीर यांना बोलाविल्यावाचून गत्यंतर नाही. वरच्या बिऱ्हाडाशी बोलणे हे यातील सर्वांत अवघड काम असते, हे अनुभवी वाचकांना सांगावयास नको.

जाता जाता गॅसच्या गीझरविषयी. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी बाष्परूपाने तयार होते. धूर बाहेर नेणारी नळी नसेल तर ते सारे त्याच खोलीत राहते. ही तर लहानशी अडचण झाली. बंद न्हाणीघरात प्राणवायू कमी पडला की त्याच ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन, प्राणघातक वायू निर्माण होतो. आपल्या देशात त्यामुळे अनेक मृत्यू झाले आहेत. झरोका बंद करण्याचा मोह थंडीत होतो. तो बुरशीच्या दृष्टीने चुकीचा आणि प्राणांच्या दृष्टीने घातक आहे. असा गीझर न्हाणीघराच्या बाहेरच बसविलेला असावा.

छातीत काय घडते?

१८७३ साली मँचेस्टर येथील चार्ल्स ब्लॅक्ली या वैद्याने गवताच्या परागांमुळे होणाऱ्या ज्वरावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे बहुतेक प्रयोग त्याने स्वतःवरच केलेले होते. परागांखेरीज त्याने बुरशीचे बीजाणूही हुंगून पाहिले आणि त्याचा घसा बसला व छाती भरून आली, अशी नोंद केली. बीजाणू आणि श्वास यांचा संबंध जाणूनबुजून तपासण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होय.

मोठे बीजाणू नाक व घसा यांतच अडकतात; दोन-तीन मायक्रॉनचे बीजाणू फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत जाऊ शकतात. वाळलेल्या बुरशीचे तंतू मोडून त्यांचे याहूनही सूक्ष्म तुकडे हवेत मिसळतात. बहुसंख्य निरोगी माणसांच्या शरीरातून हे कण श्लेष्म्याबरोबर बाहेर टाकले जातात आणि त्यांना काहीच जाणवत नाही. काही जणांना मात्र बुरशीतील प्रथिनांचे वावडे असते. यालाच ॲलर्जी म्हणतात. अशा माणसाचे शरीर त्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजून त्याविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंडे तयार करून ठेवते. पुढच्या वेळी तेच प्रथिन आत आले की श्वासनलिकांच्या अस्तरातील पेशी हिस्टामिन व तत्सम द्रव्ये सोडतात, अस्तर सुजते, नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात आणि हवेची वाट अरुंद होते. शिंका, नाक वाहणे, खोकला, श्वास सोडताना येणारा शिटीसारखा आवाज आणि दम्याचा झटका ही याच प्रक्रियेची कमीअधिक तीव्र रूपे आहेत. ज्यांना वावडे नाही त्यांच्याही घशाला आणि डोळ्यांना बुरशीचा दाट थर केवळ क्षोभक म्हणून त्रास देऊ शकतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. बुरशी मेली म्हणून तिचे प्रथिन नाहीसे होत नाही. औषध फवारून मारलेला, पण भिंतीवर तसाच ठेवलेला थर वावडे असलेल्या माणसाला पूर्वीइतकाच त्रासदायक ठरू शकतो. मारणे आणि काढून टाकणे या दोन भिन्न क्रिया आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये खोकला, घरघर, दमा व श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक आढळतात, याला पुरेसा पुरावा आहे, असा तिचा निष्कर्ष होता. मात्र ओलीबरोबर बुरशीच वाढते असे नाही; धुळीतील सूक्ष्म कीटक आणि जिवाणूही वाढतात, व यांतील नेमका कोण किती दोषी हे वेगळे काढणे कठीण असते. याच कारणास्तव हवेत अमुक इतके बीजाणू असले म्हणजे सुरक्षित, अशी मर्यादा संघटनेने घालून दिली नाही. हवेची महागडी तपासणी करून घेण्याची त्यामुळे सामान्य घराला गरज नसते. डोळ्यांना डाग दिसला किंवा नाकाला कुबट वास आला, एवढा पुरावा पुरे.

जपानमध्ये एक आजार बराच काळ वैद्यांना कोड्यात टाकीत होता. मे ते ऑक्टोबर या उष्ण व दमट महिन्यांत काही रुग्णांना ताप, कोरडा खोकला आणि धाप लागे. रुग्णालयात दाखल केले की काही दिवसांत ते सुधारत. घरी परतताच आजार उलटे. शोधाअंती असे दिसून आले की त्यांच्या जुन्या लाकडी घरांत, विशेषतः स्वयंपाकघर व न्हाणीघर यांजवळच्या कुजक्या, ओल्या लाकडात ट्रायकोस्पोरॉन नावाची यीस्टसारखी बुरशी वाढत होती आणि तिच्यामुळे वायुकोशांनाच सूज येत होती. हा दमा नव्हे. हा फुप्फुसाच्या अधिक खोल भागाचा विकार होय. ज्या घरांतील कुजके लाकूड काढून ती कोरडी केली गेली, तेथील रुग्णांचा आजार परतणे थांबले.

अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात दमा असलेल्या व बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्या ६२ मुलांवर एक प्रयोग करण्यात आला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. सर्व मुलांना दम्याचे योग्य उपचार मिळत होते. त्यांतील २९ मुलांच्या घरांतील गळती दुरुस्त करून, ओल काढून बुरशी साफ करण्यात आली. उरलेल्या ३३ मुलांच्या घरांत तसे केले नाही. दुरुस्तीनंतरच्या काळात पहिल्या गटातील एका मुलाला दम्याचा तीव्र झटका आला, दुसऱ्या गटातील ११ मुलांना. प्रयोग लहान आहे हे खरे, परंतु औषधाला गवंड्याची जोड मिळाली तर काय होते हे तो दाखवितो.

याच क्लीव्हलंड शहराने उलटा धडाही दिला आहे. १९९३–९४ साली तेथे काही तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि स्टॅकिबोट्रिस या काळ्या बुरशीवर संशय घेण्यात आला. वृत्तपत्रांनी तिला ‘विषारी काळी बुरशी’ असे नाव दिले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पुनर्तपासणी करून २००० साली सांगितले की हा संबंध सिद्ध झालेला नाही. बुरशीच्या रंगावरून तिचे विष ठरविता येत नाही. आपल्याकडे २०२१ साली कोविडच्या साथीत ज्या ‘काळ्या बुरशी’ने हाहाकार केला ती म्युकरमायकोसिस ही निराळीच व्याधी होय, ती मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असलेल्या व स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाली. तिचे नाव मृत झालेल्या ऊतींच्या काळ्या रंगावरून पडले. न्हाणीघरातील काळ्या डागाशी तिचे नाते नाही.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा अवाब हा मुलगा श्वसनाच्या विकाराने मृत्यू पावला. सुदानहून आलेले त्याचे कुटुंब भाड्याच्या लहानशा सदनिकेत राहत होते. स्वयंपाकघर व न्हाणीघरात माजलेल्या बुरशीविषयी वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. तिच्यावर रंग द्यावा, असा सल्ला त्यांना मिळाला. हे लोक बादलीने अंघोळ करीत असतील, त्यामुळे ओल येत असेल, असाही तर्क घरमालक संस्थेत बांधला गेला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हेच मृत्यूचे कारण असल्याचा निर्णय दिला. न्हाणीघरात हवा खेळण्याची पुरेशी सोय नव्हती, हेही चौकशीत पुढे आले. २०२३ साली तेथील संसदेने सामाजिक गृहनिर्माणाचा कायदा केला. त्यातील ‘अवाबचा कायदा’ म्हणून ओळखले जाणारे नियम ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. गंभीर ओल किंवा बुरशीच्या तक्रारीची १० कामकाजाच्या दिवसांत, आणि जिवाला धोका असल्यास २४ तासांत, दखल घेणे घरमालक संस्थांना त्यांनुसार बंधनकारक आहे. बादलीने अंघोळ करणाऱ्या कोट्यवधी भारतीयांनी त्या तर्कावर क्षणभर थांबावे. स्नान हे ओलीचे निमित्त असेल. ओल साचून राहते ती हवेची वाट आणि पाण्याचा उतार चुकल्यामुळे.

साफसफाई व एक गंभीर सूचना

डाग सुमारे तीन फूट लांब व तीन फूट रुंद एवढ्या जागेपुरता असेल तर घरच्या माणसाने तो काढण्यास हरकत नाही. दमेकरी, तान्ही मुले आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे क्षीण झाली आहे अशा व्यक्तींनी त्या वेळी दूर राहावे. काम करणाऱ्याने हातमोजे घालावेत व नाकातोंडावर नीट बसणारा एन-९५ मुखवटा लावावा. साधा रुमाल बीजाणू अडवीत नाही. कोरड्या कुंच्याने डाग मुळीच खरवडू नये, कारण त्यायोगे लक्षावधी बीजाणू एकदम हवेत उधळतात. प्रथम भिंत ओली करावी, धुण्याच्या साबणाच्या पाण्याने घासावी, फडक्याने पुसून घ्यावी, ते फडके टाकून द्यावे आणि भिंत पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावी. फुगलेले प्लायवूड, भिजलेले छताचे पुठ्ठे, बुरशी लागलेली पायपुसणी यांच्यात तंतू आतवर गेलेले असतात. त्या वस्तू धुऊन उपयोग नाही, टाकाव्यात.

विरंजक द्रव किंवा ब्लीचिंग पावडर यांनी डागाचा रंग जातो व वरची बुरशी मरते, परंतु सच्छिद्र गिलाव्यात ती खोलवर पोहोचत नाहीत. वापरावयाचीच असतील तर दारे-खिडक्या उघडून, आणि एकटीच. आपल्याकडे शौचकूप स्वच्छ करण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्लयुक्त द्रव सर्रास वापरला जातो. तो आणि विरंजक एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे रणांगणावर जो वायू सोडण्यात आला तो हाच. बंद न्हाणीघरात दोन्ही द्रवांचा थोडासा संयोगही छातीला कायमची इजा करू शकतो. अमोनियायुक्त द्रवाबरोबरही विरंजक मिसळू नये. अधिक स्वच्छतेच्या हौसेने दोन्ही बाटल्या एकाच बादलीत रिकाम्या करण्याची चूक सुशिक्षित घरांतही होते, म्हणून हे येथे मुद्दाम स्पष्ट लिहिले आहे.

रोजच्या व्यवहारात उपाय साधे आहेत. शेवटच्या माणसाचे स्नान आटोपले की रबरी पट्टीच्या वायपरने जमिनीवरचे व फरशा लावलेल्या भिंतीवरचे पाणी मोरीकडे ओढून घ्यावे. दोन मिनिटांच्या या कामाने जे पाणी जाते ते वाळविण्यास हवेला कित्येक तास लागले असते. हवा बाहेर फेकणारा पंखा स्नानाच्या वेळी व नंतर अर्धा तास चालू ठेवावा. तो पंखा चौकात किंवा मोकळ्यावर उघडला पाहिजे, आणि दाराखाली बोटभर फट असली पाहिजे. आत हवा आली नाही तर पंखा बाहेर फेकणार काय? भर पावसाळ्यात बाहेरची हवा दमट असते म्हणून पंखा बंद ठेवणारे लोक आढळतात. दमट हवासुद्धा बहुधा संपृक्त नसते, आणि ती वाहती असली तर साचलेल्या हवेपेक्षा लवकर वाळविते. कपडे मात्र अन्यत्र वाळत घालावेत.

भिंत साफ करून वाळविल्यावर पूर्वीच्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख लिहून ठेवावी. रोज कोरडे करूनही त्याच रेघेच्या आत डाग उगवला तर पाणी आतून येत आहे असे समजून गळतीचा शोध घ्यावा. घरात कोणाला खोकला किंवा धाप असेल तर त्याचीही अशीच नोंद वहीत ठेवावी: त्रास कोणत्या महिन्यांत वाढतो, सकाळी की रात्री, आणि आठ दिवस परगावी गेल्यावर कमी होतो काय. औषधे चालू ठेवून ती वही डॉक्टरांना दाखवावी, आणि डाग न्हाणीघरात कोठे आहे तेही सांगावे. विचारल्याशिवाय ही गोष्ट सहसा कोणी बोलत नाही.